नुसते ठेवलेले हात

बूट घालायला वाकलेला मर्ल तसाच अडकला. एक हात सिंकच्या कडेवर, दुसरा हवेत. टोस्टला लोणी लावणाऱ्या आर्डिथने सुरी खाली ठेवली, त्याच्याकडे दोन पावलं टाकली आणि मध्येच थांबली.

"बघतेस काय नुसती?" मर्ल दात आवळून म्हणाला. "ठेव की हात."

"नाही ठेवता येणार."

"अगं, इथं स्वयंपाकघरात कोण बघायला येतंय?"

कोणी येणार नव्हतं. पण लेकीला जुळं झालं म्हणून नेब्रास्का सोडून दोघं आयडाहोत आली आणि तिने इथल्या परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा त्यात विचारलं होतं की या राज्यात विनापरवाना कोणावर उपचार केले आहेत का. तिने 'नाही' लिहिलं होतं. ते खरं राहावं, एवढंच तिचं म्हणणं. तिकडे तीस वर्षं तिने अख्ख्या तालुक्याचे अवघडलेले मणके मोकळे केले होते. पण तिच्या कॉलेजच्या काळात हातांची प्रत्यक्ष परीक्षाच नव्हती. ती आधी द्या, मग परवाना, असं बोर्डाने कळवलं होतं. तोवर ती इथे कायरोप्रॅक्टर नव्हती. नवऱ्याचीसुद्धा नाही.

"बरं झालं," मर्ल म्हणाला. "असाच राहतो ओणवा. पोरांना घोडा झाला खेळायला."

शेवटी तिनेच त्याला गाडीत कोंबून टायरच्या दुकानाशेजारी कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मायते एचेव्हेरिया जेमतेम तिशीची, बुटकी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली. मर्लला घेऊन ती आत गेली. आर्डिथ बाहेर बसली. समोरच्या भिंतीवर सोनेरी शिक्क्याचा परवाना टांगला होता. भिंत पातळ होती.

"श्वास सोडा," मायतेचा आवाज आला. मग कट्. आणि त्यामागून मर्लचा लांब, सैल पडत गेलेला उसासा.

आर्डिथने पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. हा उसासा तिने इतकी वर्षं ऐकला होता, आणि तो आपल्याच हाताला मिळतो अशी तिची समजूत होती.

मर्ल सरळ चालत बाहेर आला. "पाठ कोणीतरी छान सांभाळलीय यांची," मायते म्हणाली.

"हिनंच," मर्लने बोट दाखवलं.

"अगं बाई! मग तुम्हाला ठाऊकच असेल. तो खांद्यांच्या मधला एक मणका तेवढा हट्टी आहे. बघू, घेऊ त्याला हळूहळू."

आर्डिथला ठाऊक होता. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तिने तो हलवून पाहिला होता, आणि पुढे केव्हातरी 'तुझं हाडच तसं आहे' म्हणून सोडून दिला होता.

परत येताना तिने विचारलं, कुशीवर घेतलं की पालथं, जोर कुठल्या बाजूने दिला. मर्लला काही सांगता येईना. हात उबदार होते म्हणाला. मग जरा वेळाने, न विचारता, "हलका हात आहे पोरीचा."

"माझा जड होता?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

पुढे तो दर गुरुवारी जाऊ लागला. दुखत नसलं तरी. एका गुरुवारी आर्डिथने त्याला आरशासमोर कानातले केस कापताना पाहिलं.

"पाठ दाखवायला जातोयस ना? मग कान कशाला?"

"पालथं झोपल्यावर तेच दिसतात," मर्ल म्हणाला.

तिला हसू आलं नाही. दवाखान्याचा वास त्याच्या शर्टाला येई. तो शर्ट ती वेगळा धुवू लागली. परवाना मिळू दे, ती मनात म्हणे, पहिला गुरुवार माझा.

परीक्षेच्या जागी सगळी तिच्या लेकीहून लहान मुलं होती. एकाने तिला परीक्षक समजून दार उघडून धरलं. नियम साधा होता: खोल्याखोल्यांतून टेबलावर माणूस निजलेला असेल, हात योग्य जागी ठेवायचे, जोराची दिशा बोलून दाखवायची, सांधा ताणाच्या टोकापर्यंत न्यायचा. झटका द्यायचा नाही. दिला तर तिथेच संपलं.

पहिल्या खोल्या नीट पार पडल्या. शेवटच्या खोलीत मर्लसारखाच रुंद पाठीचा माणूस पालथा पडला होता. तिने खांद्यांच्या मधोमध हात ठेवले आणि दिशा सांगितली. बोटांखाली सांधा अडलेला लागला. तो ताणाच्या टोकाला आला, आणि त्याच क्षणी तिच्या कानात ते वाक्य वाजलं: घेऊ त्याला हळूहळू.

कट्.

टेबलावरचा माणूस हलला नाही. त्याने एक लांब उसासा टाकला. कोपऱ्यातल्या परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं करताय?" त्यांनी हळूच विचारलं. आर्डिथने सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण त्यांनाही दुसरं काही करता येणार नव्हतं. पुढची परीक्षा वसंतात.

घरी आल्यावर तिने मर्लला सगळं सांगितलं. कानातल्या वाक्याचं तेवढं राहू दिलं. त्याने खुर्ची मागे सरकवली. मग दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पालथा झाला. "ये," तो म्हणाला. "सराव कर. झटका नको देऊस, झालं."

ती गुडघ्यांवर बसली. त्याच्या शर्टावरून एकेक मणका मोजत बोटं खाली आली, आणि खांद्यांच्या मध्ये थांबली. तिने जागा पुन्हा तपासली. जागा तीच होती. हलकेच दाबलं. सांधा पुढे गेला आणि मऊपणे परत आला.

"काय गं?" गालिच्यातून मर्लने विचारलं. "अडकलाय अजून?"

"नाही," ती म्हणाली. "हलतोय."

त्याने श्वास सोडला आणि वाट पाहिली. तिचे हात तिथेच होते, एकावर एक, बरोबर जागी, योग्य दिशेला.

"गुरुवार चुकवू नकोस," तिने सांगितलं. हात मात्र लगेच उचलले नाहीत.