चढणाऱ्याची बाजू

मी एक पायवाट. डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षमळे संपतात तिथे सुरू होते आणि सव्वा तासाच्या चढणीनंतर पठारावरच्या लाकडी निवाऱ्यापाशी संपते. नकाशात मी पिवळी. माझं नाव एवढंच, आणि तेही रंगाचं.

मला कोणी मुद्दाम आखलं नाही. मळेवाल्यांना वेलींसाठी खुंट लागत. ते वरच्या बीच झाडांच्या रानात जात आणि खुंट पाठीवर घेऊन उतरत. त्यांच्या जाण्यायेण्यानं मी झाले. पुढे सिमेंटचे खुंट आले, तेव्हा माणसं कामासाठी यायची थांबली आणि फिरायला यायला लागली. कामाला येणारा कधी वाट चुकत नसे. फिरायला येणारा चुकतो. म्हणून मग झाडांवर खुणा आल्या.

खूण म्हणजे तळहाताएवढ्या तीन पट्ट्या. पांढरी, पिवळी, पुन्हा पांढरी. प्रत्येक झाडावर दोन खुणा असतात: खालच्या अंगाची चढणाऱ्याला दिसते, वरच्या अंगाची उतरणाऱ्याला. माझ्यावर अशी एकसष्ट झाडं आहेत.

ती झाडं रंगवायचं काम गेजा आणि झेल्मीरा या नवरा-बायकोचं. गावातल्या भ्रमण मंडळानं ते त्यांच्याकडे सोपवलं होतं. दर दोन वर्षांनी मे महिन्यात, रानलसणाचा वास भरलेला असताना, ती दोघं डबे घेऊन यायची. गेजा झाडाच्या खालच्या अंगाला उभा राहायचा, झेल्मीरा वरच्या. त्या दोघांना एकमेकांकडे बघताना मी फारसं पाहिलं नाही. मध्ये कायम एक झाड असायचं, आणि झाडाच्या दोन्ही बाजूंनी बोलणं चालायचं.

"झाली का गं तुझी बाजू?"

"थांब जरा. तुझ्यासारखी वाकडी नाही काढायची मला."

"वर येणाऱ्याला धाप लागलेली असते. त्याला कुठलं कळतंय वाकडं नि सरळ!"

"खरवडलंस का नीट?"

"खरवडलं गं बाई."

"दाखव."

गेजाचा उजवा खांदा कधीतरी निखळलेला होता. त्याची खालची पट्टी उजवीकडे थोडी उतरायचीच. आणि खरवडण्याबाबत झेल्मीरा कोणाचं ऐकायची नाही. सालीला इजा न करता जुना रंग काढल्याशिवाय नवा लावला, तर तो दोन हिवाळ्यांत सुटून येतो, हे मंडळातल्या प्रत्येकाला तिनंच शिकवलं होतं. काम संपलं की दोघं निवाऱ्याच्या पायरीवर बसायची. चरबी लावलेला पाव, कांदा, आणि बुधल्याच्या झाकणातून एकेक घोट आलुबुखाऱ्याची दारू.

मग एका मे महिन्यात झेल्मीरा एकटी आली, आणि तीही खालून नाही. वळसा घालून, जंगलखात्याच्या गाडीरस्त्यानं ती आधी वर गेली आणि तिथून माझ्यावर उतरली. उतरता उतरता प्रत्येक झाडाची वरची बाजू तिनं खरवडली, रंगवली आणि पुढे झाली. मागे वळून पाहिलं नाही. उतरणाऱ्यानं मान वळवली नाही, तर चढणाऱ्याच्या खुणा त्याला दिसत नाहीत.

दोन वर्षांनी पुन्हा तसंच.

त्याच सुमारास सायकलवाले आले. जाड टायरच्या सायकली ते गाडीवर टाकून वर नेतात आणि माझ्यावरून खाली सुटतात. त्यांना दोष देत नाही. त्यांनी माझी वळणं नीट बांधली, पावसाचं पाणी वाहून जायला चर खणले. पण ते जातात फार पटकन. कोण आलं ते मला कळायच्या आत गेलेलं असतं. पायांचं तसं नाही. चढणारा माणूस माझ्यावर भार टाकतो, थांबतो, झाडाला हात लावून धापा टाकतो, घरचं काहीबाही बोलतो. ते बोलणं हळूहळू बंद पडलं. गेजाच्या खुणा फिक्या झाल्या, कुठे पोपडे धरले. वर येणारे पहिल्या फाट्यापाशी घोटाळायचे आणि परत फिरायचे. सगळं जग नुसतं उतरणीला लागल्यासारखं मला वाटायचं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक वयस्क जोडपं त्या फाट्यावर चुकलं आणि घळीत उतरलं. बाईचा घोटा मोडला. तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

आठवड्याभरानं मळ्याच्या कडेच्या बाकावर मंडळाचा चिटणीस इम्रिख झेल्मीराला घेऊन बसला. तो पन्नाशीचा, पण तिच्याच हाताखाली शिकलेला.

"मावशी, बैठकीत ठरलंय. ऑक्टोबरच्या आत खालच्या खुणा ताज्या झाल्या नाहीत, तर पिवळी नकाशातून काढायची. सायकलींना देऊन टाकायची, फक्त उतरायला. पायी माणसाला बंदी."

"गेजाच्या खुणा दिसतात अजून."

"तुम्हाला दिसतात."

तिनं डोंगराकडे पाहिलं.

"तुम्हाला नको वाटत असेल तर मी दुसऱ्या कोणाला पाठवतो. दोन दिवसांत खरवडून रंगवून होईल."

"पाठवून तर बघ! त्याच्याच डब्यातला रंग तुझ्या टकलावर ओतीन."

"मग तुम्ही करा."

"करते," ती म्हणाली, पण उठली नाही. इम्रिख गेल्यावरही बराच वेळ बसून होती.

द्राक्षांची तोडणी चालू होती तेव्हा ती आली. या वेळी खालून. तिचे पाय चढणीला लागले आणि मला ओळखायला क्षणभर वेळ लागला, इतके ते सावकाश पडत होते.

पहिल्या झाडापाशी तिनं खरवडणी काढली. पात्याची कड गेजाच्या वरच्या पट्टीला टेकवली. नखाएवढा एक पापुद्रा सुटून माझ्यावर पडला. ती तशीच उभी राहिली. मग खरवडणी पिशवीत परत ठेवली, कोरड्या फडक्यानं धूळ तेवढी पुसली आणि डबा उघडला.

तिनं न खरवडता रंगवलं. झेल्मीरानं!

तिची पट्टी नेहमीसारखी सरळ आली असती, तर गेजाच्या पट्टीचं टोक उजवीकडे खालून डोकावलं असतं. म्हणून तिनं ती त्याच्याएवढीच उतरती काढली. एकसष्ट झाडांवर. तीन दिवस लागले. बोलली फक्त एकदा, फाट्यावरच्या झाडापाशी: "काय रे ही पट्टी, गेजा. शेवटपर्यंत सुधारला नाहीस."

इम्रिख पाहणीला आला, ती सोबत होती. त्यानं खालून दुसऱ्या झाडावर अंगठा फिरवला. खालचे जुने पोपडे नव्या रंगातून हाताला लागत होते.

"मावशी, खरवडलं नाहीत."

"नाही."

"दोन हिवाळे कसेबसे निघतील."

"दोन वर्षांनी माझी पाळी असतेच की."

इम्रिखनं अंगठा पँटला पुसला, वहीत "दोन्ही बाजू ठीक" असं लिहिलं आणि पुढच्या झाडापाशी न थांबता वर चालू लागला.

नकाशात मी अजून पिवळीच आहे. सायकली सकाळी दहानंतर सुटतात, त्याच्या आधी माणसं चढून जातात. पूर्वीइतकी नाहीत. एखाद्या दिवशी दोघं, एखाद्या दिवशी कोणीच नाही.

तुम्ही आलात तर दम खायला झाडापाशी थांबाल. थांबलेल्या माणसाच्या बोटांना चाळा लागतो. रंगाची सुटलेली कड दिसली की नख घालावंसं वाटतं. एवढं मात्र करू नका. एक हिवाळा गेलाय, एक जायचाय. तो रंग आपणहून सुटेल, आणि त्याच्याखाली कोण आहे ते मला ठाऊक आहे. तेव्हा पहिल्यांदा ते तिला दिसू द्या. ती खालूनच येईल.