डावी पट्टी

नायगावहून निघालेली एस.टी. लातूरला पोचेपर्यंत सुगतराव सोनकांबळे एकच गोष्ट सांगत होते. कॉलेजात असताना नांदेडला वजिराबादेत एका गेम पार्लरात पिनबॉलचं मशीन होतं. तिरप्या काचेखाली लोखंडी गोळी सैरावैरा धावायची. ती खालच्या भोकात पडू नये म्हणून दोन्ही हातांनी बाजूची बटनं दाबायची, की आतल्या दोन पट्ट्या उठून तिला वर टोलवायच्या. एका नाण्यात सुगतराव अख्खी दुपार काढायचे. पार्लरवाला वैतागून शेवटी वायरच काढायचा.

पंचशीलाने हे पूर्वीही ऐकलं होतं, तरी ती हुंकार देत राहिली. नवरा बोलतोय, हेच तिला पुष्कळ होतं. ग्रामसेवकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा आवाज बारीक झाला होता, चेहऱ्यावर हसू-रडू काही उमटत नव्हतं. नोकरी संपल्याचं मनाला लागलं असेल, अशी तिने समजूत करून घेतली होती. वर्षभरात त्यांनी मागितलं ते एवढंच, घरात एक पिनबॉल. पुण्याच्या लेकीने, लुंबिनीने, लातूरच्या गेम झोनचा पत्ता शोधून दिला होता.

गेम झोनचा मालक विरूपाक्ष भला माणूस होता. विकायची तीन मशीनं त्याने चालू करून दिली. तिन्ही नव्या धाटणीची, वर पडदा, आत रंगीत दिवे. आधी मन भरेस्तोवर खेळा, मग ठरवा, म्हणाला.

सुगतरावांनी पहिल्या मशीनवर हात ठेवले. गोळी वर गेली, दोनदा आपटली आणि डावीकडून सरळ खाली गेली. दुसरीही तशीच गेली, तिसरीही. ते म्हणाले, डावी पट्टी ढिली आहे. दुसऱ्या मशीनवर तेच झालं. तिसरं तर सगळ्यात नवं होतं. तिथेही गोळी डावीकडे आली की बटन दाबलं जायचं, पण पट्टी उठेपर्यंत गोळी भोकात गेलेली असायची.

विरूपाक्षने स्वतः खेळून पाहिलं. डावी पट्टी फाडफाड उठत होती, गोळी किती तरी वेळ खाली आलीच नाही. शेवटी त्याने मुद्दामच ती सोडून दिली.

"ठीक चालून राहिलंय, सर," तो हळू आवाजात म्हणाला आणि काउंटरकडे निघून गेला.

पंचशीलाची नजर नवऱ्याच्या डाव्या हातावर गेली. हात मशीनच्या कडेवर नुसता टेकलेला होता, तरी अंगठा बोटावर आपोआप फिरत होता, तंबाखू मळल्यासारखा. आणि सुगतरावांनी जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. मग एकेक आठवत गेलं. शर्टाची बटनं हल्ली तीच लावून देत होती. सही जुळत नाही म्हणून बँकेने फॉर्म परत केला होता. चालताना त्यांचा डावा हात अंगाला चिकटून राहायचा. तिला ती ऐट वाटली होती.

सुगतराव परत खेळले. मग परत. मान घामाने भिजली तेव्हा थांबले.

"मशीनमधी काईच न्हाई," ते म्हणाले. "माझा हात उशिरा येऊन राहिला."

"कवापासून?"

"पोळ्याच्या आदीपासून. म्हनलं, हितं खरं-खोटं कळंल."

पंचशीलाने मनात महिने मोजले. हा माणूस चार महिने एकटाच हे घेऊन हिंडत होता, आणि आपण शेजारी झोपत होतो. ती म्हणाली, तरी घेऊ या मशीन, रोज खेळलात तर हात सुटेल.

"घरात ठिवून रोज हेच बघायचं का?" ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना चालवून पाहिलं, बोटं उघड-मीट करायला लावली आणि कंपवात, म्हणजे पार्किन्सन, असल्याचं सांगितलं. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जाणार नाही. लुंबिनी फोनवर रडली. सुगतरावांनीच तिला गप्प केलं.

महिन्याभराने विरूपाक्षचा फोन आला. नव्या मशीनला उदगीरचं गिऱ्हाईक आलंय, तुमच्यासाठी ठेवू का, असं तो आपुलकीने विचारत होता. बाजेवर सुगतराव गोळ्यांचं पाकीट फाडायची खटपट करत होते. कडा काही धरता येत नव्हती.

"देऊन टाका," पंचशीला म्हणाली.

कोणाचा फोन, हे त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने पाकीट तिच्यापुढे धरलं.