निळी पट्टी

मित्रांनो, घरातल्या बरण्या साखर-मीठ सांभाळतात. मी मात्र रोगजंतू सांभाळणारी जुनी बरणी आहे. इस्पितळाच्या तळमजल्यावर, प्रयोगशाळेतल्या मोरीशेजारी माझं आयुष्य गेलं. जाड पारदर्शक अंग, रबरी कडा, पिळून घट्ट बसवायचं झाकण. तरुणपणी माझा रुबाब काही औरच होता.

काही जंतूंना प्राणवायू सोसत नाही. ते खोल जखमेत पोसले जातात आणि उघड्यावर मरतात. त्यांना ओळखायचं, तर जखमेतला पू बशीतल्या जंतूंच्या खाद्यावर पसरायचा, बशी माझ्या पोटात ठेवायची, सोबत प्राणवायू शोषणारी पुडी टाकायची आणि दोन दिवस मला उघडायचं नाही. आत एक कागदी पट्टीही असते. प्राणवायू नसला की ती पांढरी, शिरला की निळी. मला वाचा नाही. जे सांगायचं ते त्या पट्टीनेच.

मला सांभाळणाऱ्या तंत्रज्ञबाईंना सगळे ताई म्हणत. हाताच्या चोख, मनाच्या हळव्या. बशा-बाटल्या धुणाऱ्या मावशीवर त्यांचा फार जीव.

एकदा मावशीच्या नवऱ्याचाच पू माझ्याकडे आला. रंगकाम करताना तो शिडीवरून पडला होता आणि मांडीतली जखम आतून सडत चालली होती. कोणतं औषध चालू ठेवायचं, हे डॉक्टर माझ्या अहवालावरून ठरवणार होते.

दुसऱ्या दिवशी मावशी ओल्या हातांनीच ताईंपुढे उभी राहिली.

"ताई, काही उगवलं का हो? नुसते कण्हतायत ते."

"मावशी, उद्यापर्यंत उघडायची नसते ती."

"एकदाच बघा ना. माझा जीव टांगणीला लागलाय."

ताईंना राहवलं नाही. त्यांनी झाकण काढलं, बशी उजेडात धरली. अजून काही दिसत नव्हतं. मला त्यांनी पुन्हा बंद केलं, पण नवी पुडी टाकली नाही. एवढ्याशाने काय होतंय, असं त्यांना वाटलं असावं. संध्याकाळपर्यंत पट्टी निळीशार झाली. मी जीव तोडून ओरडत होते, पण माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही.

तिसऱ्या दिवशी ताईंनी ती पट्टी पाहिली. बराच वेळ पाहत राहिल्या. पू पुन्हा मागवता आला असता, पण मग बरणी कुणी उघडली हे प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगावं लागलं असतं. त्यांनी पट्टी चुरगळून टाकून दिली आणि अहवालात लिहिलं, 'जंतूंची वाढ नाही'.

डॉक्टरांनी त्या जंतूंवरचं औषध थांबवलं. आठ दिवसांत मावशीचा नवरा गेला.

मला फार राग आला होता, मित्रांनो. अजूनही येतो. आता नवं यंत्र आलंय, माझ्या रबराला भेगा पडल्यात आणि माझ्यात कापूस भरून ठेवतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मावशी कामावर परतली त्या दिवसाचं. मला पुसता पुसता ती म्हणाली,

"ताई, तुम्ही माझ्यासाठी नियम मोडून बघितलंत. एवढं कोण करतं हो?"

ताई नळ सोडून नुसत्या हात धूत राहिल्या.

तुमच्या हातून कधी माझ्यासारखी बरणी उघडली गेली, तर पट्टी निळी झाली असंच लिहा. बोलणी खा, पण लिहा. त्या दिवशी कपाटात दुसरी पुडी होती, आणि वरच्या मजल्यावर तो माणूस अजून जिवंत होता.