पांढऱ्या ओट्यावरची काळी फळी

मी एक जुनं लाकडी कपाट आहे. आहे कसलं, होतो म्हणा! आता माझी एकच फळी उरली आहे आणि मित्रांनो, तिच्याच तोंडून तुम्हाला माझी कहाणी ऐकावी लागणार आहे.

सुताराने मला गडद, जवळजवळ काळ्या लाकडातून घडवलं. काम झकास केलं, पण माप घेताना तो दाराची चौकट धरायला विसरला. त्यामुळे माझा एक कोपरा जन्मभर वाटेत आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा प्रसाद हमखास मिळायचा. घरच्या आई मात्र मला कधी बोलल्या नाहीत. नव्याची नवलाई संपल्यावरही त्या मला पुसून लख्ख ठेवत. मीठ, साखर, चहा, डबे, सगळं माझ्या पोटात ठरल्या जागी असे.

घरात सून आली. बिचारी मनाने मोठी, पण स्वयंपाकघर पडलं एवढंसं! एकीने वाकायचं तर दुसरीने बाहेर जायचं. माझं दार कुरकुरलं की ती हसून म्हणायची, "आई, हे कपाट माझ्यापेक्षा जास्त कुरकुर करतं हो!"

हळूहळू मला एक गोष्ट कळली, जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. पूर्वी आईंचा हात थेट माझ्या मुठीवर यायचा. आता तळवा आधी माझ्या कोपऱ्यावर टेकायचा, मग बोटं चाचपत खाली यायची. आईंची नजर जात चालली होती. कोपऱ्याशी वळलं की शेगडी, हात लांबवला की कप. त्यांचं काम कुठे अडत नव्हतं, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. मला सगळं कळत होतं, पण लाकडाला कुठली वाचा?

एकदा आई बहिणीकडे राहायला गेल्या. सून नवऱ्याला म्हणाली, "त्या येईपर्यंत स्वयंपाकघर नवं करून टाकू. आयुष्यभर अंग चोरून वावरल्या आहेत, खूश होतील." मधली भिंत अर्धी पाडली. ओटा पांढरा, भिंती पांढऱ्या, कपाटं पांढरी आणि त्यांना मुठीही नाहीत. एवढीशी खोली ऐसपैस दिसू लागली. मी मात्र खिळा-खिळा सुटा झालो. भंगारवाला येईपर्यंत माझ्या फळ्या लगतच्या गॅलरीत रचून ठेवल्या. फार वाईट वाटलं हो!

आई परतल्या. "अगंबाई, किती उजेड!" म्हणत त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला, माझ्या कोपऱ्यासाठी. हात हवेतच राहिला. त्या धडपडल्या, पण सावरल्या. "मीच करते चहा," असं हट्टाने म्हणाल्या. सुनेने पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप ठेवून दिला. गॅलरीतून मी पाहत होतो. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आईंनी चहा ओतला तो कपाच्या शेजारी. उकळता चहा ओट्यावरून त्यांच्या पायावर सांडला.

सून धावली. पायावर गार पाणी ओतता ओतता थबकली. "आई, तुम्हाला कप दिसला नाही?"

आई म्हणाल्या, "दिसत नाही गं. बरेच दिवस झाले."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर मला इथे पाऊल टाकू दिलं असतंस का?"

सून तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली. "मी तुमच्यासाठीच केलं होतं हो सगळं!"

"माहीत आहे मला. चांगलंच केलं आहेस. फक्त मला सापडत नाही. त्या कपाटाच्या कोपऱ्याला धरूनच मी चालायचे."

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा. त्या दिवशी सून घरी आली ती थेट गॅलरीत. तिने माझी एक फळी उचलली आणि पुसली. सुताराकडून तिचा एक तुकडा दाराशी, माझ्या कोपऱ्याच्या जागी, हाताच्या उंचीवर बसवून घेतला. उरलेली फळी ओट्यावर ठेवली. मग आईंचा हात धरून तिने शेगडी, साखर, मीठ, पाणी, एकेका गोष्टीची जागा त्यांच्याकडूनच ठरवून घेतली.

आता रोज सकाळी तो तळवा दाराशी माझ्यावर टेकतो, थोडा रेंगाळतो आणि पुढे जातो. काळ्या फळीवर पांढरा कप आईंना अंधूक का होईना, दिसतो. चहा कपातच पडतो.

मित्रांनो, घर जरूर मोठं करा. माझ्यासारखी अडगळही खुशाल काढा. पण काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, तुम्ही कशाला धरून चालता? आणि उत्तर मिळेपर्यंत हातोडी खाली ठेवा.