तहानीचे गुलाब

माझ्या फोनमध्ये माझी जाऊ तहानी ठाण मांडून बसलीय. इथे पोर्ट सैदमध्येच राहते, दोन गल्ल्या सोडून. पण माझा नवरा गेल्यापासून एकदाही माझा जिना चढली नाही. मात्र दर शुक्रवारी तिचा गुलाब येतो. त्यावर सोनेरी अक्षरांत अल्लाहचं नाव, खाली 'जुम्मा मुबारक'. मागोमाग मशीद, कबुतरं, हलणारी मेणबत्ती. तिचं बघून तिच्या बहिणी आणि विहिणीही पाठवतात. उत्तर दिलं नाही तर गावभर बोभाटा, 'इन्शिराहला शिंगं फुटलीत.'

पुसायचं तरी कसं? देवाचं नाव असलेला कागदाचा कपटासुद्धा आम्ही केरात टाकत नाही, उचलून वरच्या फळीवर ठेवतो. चित्र माझ्या बोटाने कचऱ्यात ढकलायची माझी छाती झाली नाही. साठत गेलं.

त्या फोनमध्ये माझं म्हणावं असं एकच होतं, माझ्या नवऱ्याचे, रगबचे, बोललेले निरोप. त्याला लिहायचा कंटाळा. बाजारातून बोलून पाठवायचा, "बिस्मिल्लाह. इन्शिराह, बूरी मासा ताजा आहे, घेऊ का? आणि गॅस बंद केलास ना?" घास उचलताना, किल्ली फिरवताना, सगळ्याआधी बिस्मिल्लाह म्हणायची सवय त्याची. दुपारच्या चहाबरोबर मी त्याचा एक निरोप ऐकायची. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग मिलानला राहणाऱ्या माझ्या मुलाला मुलगी झाली आणि तिचा फोटो उघडेना. जागा नाही म्हणे! नातीला बघायला मी तडफडतेय आणि आत तहानीची कबुतरं ऐसपैस बसलीत.

शुक्रवारी माझी मुलगी राविया जेवायला आली. फोन तिच्या हातात दिला.

"आई, काय उकिरडा केलायस गं! सगळं उडवते."

"खबरदार! देवाचं नाव आहे त्यावर."

"अगं, चित्रं आहेत नुसती."

"असू देत. देवाचं नाव दिसेल त्याला हात लावायचा नाही. बाकी काय वाटेल ते काढ."

"धर्म तुझा आणि डोकेदुखी माझी," ती पुटपुटली. मी भांडी घासायला गेले.

परत आले तर फोन चालायला लागला होता. नात दिसली. नाक थेट रगबचं, तसंच फताडं. मला रडू आणि हसू एकदमच आलं. म्हटलं, आता त्याचा आवाज ऐकायचा. बटण दाबलं. काहीच नाही. दुसरा निरोप दाबला, तिसरा दाबला.

"राविया, तुझ्या बाबांचे निरोप कुठे गेले?"

तिचा चेहरा पडला. "ते... आवाजाचे होते ते? नावं नव्हती गं, नुसते आकडे होते. मला वाटलं, तुझ्या हातून चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल."

"परत आण."

"येत नाहीत आता, आई." ती रडायला लागली. "तूच म्हणालीस ना, देवाचं नाव दिसेल तेवढं ठेव!"

"त्यांत नव्हतं? एक तरी निरोप त्याने बिस्मिल्लाह म्हटल्याशिवाय सुरू केला होता का?"

पण 'दिसेल' असं मीच म्हटलं होतं. माझ्याच शब्दाने मी त्याला घालवला होता.

तेवढ्यात फोन वाजला. तहानीचा गुलाब. आता जागा झाली होती ना. मी डोळे पुसले आणि उत्तर पाठवलं, 'तुलाही मुबारक.'