ग्रानाझच्या हातातला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना हातभोंगा आहे. माझ्या कर्ण्याला तडा गेला आहे आणि सेलचे झाकण सुतळीने बांधलेले आहे.

कराचीच्या बाजारातून मला दादशाह मासेवाल्याने आणले. तिथून पश्चिमेला, मकरानच्या किनाऱ्यावर तो माझ्यातून ओरडायचा, "ताजी सुरमई! शिळी निघाली तर माझ्या तोंडावर मारा!" बायका हसायच्या आणि मासळी घ्यायच्या. माझे ते दिवस फार सुखाचे होते.

एका दुपारी बंदरावर बिननंबराची गाडी आली. चौघांनी दादशाहला आत कोंबले. मी वाळूत पडून राहिलो.

त्याची बायको ग्रानाझ ठाण्यावर गेली. तक्रार कोणी लिहून घेईना. "तुझा नवरा कुठे उंडारतोय, आम्हाला काय ठाऊक?" पाचव्या दिवशी तिने मला उचलले आणि सासूला व दहा-बारा बायकांना घेऊन ती हमरस्त्यावर बसली. ट्रकांची रांग लागली.

"ए बायांनो, घरी चुली नाहीत का?" एक ड्रायव्हर खेकसला.

ग्रानाझने माझे बटण दाबले. "चूल आहे रे! कमावणाराच उचलून नेलाय. काय रांधू, तुझं डोकं?"

धरण्याच्या तिसऱ्या दिवशी पोलिसांचे मोठे साहेब आले. त्यांनी मला तिच्या हातातून हिसकावले. "ऐका सगळे! दादशाहला कुणी नेलेलं नाही. तो सीमेपलीकडे दुसरी बायको करून बसलाय!"

मित्रांनो, ते शब्द माझ्याच घशातून गेले. म्हाताऱ्या सासूने पदरात तोंड लपवले. ग्रानाझ मात्र उठून साहेबांसमोर उभी राहिली.

"दुसरी केली ना? मग तिचं नाव सांगा, गाव सांगा. मी स्वतः मेंदी घेऊन जाते!"

बटण दाबलेलेच होते, त्यामुळे साऱ्या रस्त्याला साहेबांचा नुसता श्वास ऐकू आला. आधी तो ड्रायव्हरच हसला, मग सगळी रांग हसली. साहेबांनी मला डांबरावर आपटले.

त्या संध्याकाळी तक्रार लिहून घेतली गेली. दादशाह मात्र आला नाही. आता दुसरे वर्ष सरत आले. ग्रानाझ मला घेऊन अशाच उचलून नेलेल्यांसाठीच्या गावोगावच्या धरण्यांना जाते. माझा आवाज खरखरतो, तरी ती मला टाकत नाही.

मित्रांनो, सेल वेळेवर बदला, उन्हात ठेवू नका, असे मी सांगणार नाही. मी कुणाच्या हाती आहे, एवढेच पाहा. जो बटण दाबेल त्याचेच मी बोलतो. मला एवढे मोठे तोंड आहे, पण 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला येते.