पाचजणांची लिफ्ट आणि पानाचा अर्ज

लिफ्टमध्ये चारच माणसांनी चढावं असं पाटीवर ठसठशीत लिहिलं होतं. म्हणून पाना आपला जिन्याने निघाला. पालकत्व समितीच्या अध्यक्षबाई, दोन सदस्य, कारकून आणि पानाचे काका असे पाचजण मात्र खुशाल आत शिरले, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधोमध लिफ्टने मान टाकली.

पाना लिफ्टच दुरुस्त करायचा. चौतीस वर्षांचा, स्वमग्न, कामात एकदम चोख. पण जुन्या हुकमानुसार काका त्याचे कायदेशीर पालक, आणि प्रत्येक कामाच्या कागदावर त्यांची सही लागे. ती अट काढा, एवढंच समितीला सांगायला तो आला होता. आज नकार मिळाला तर पुन्हा अर्ज पाच वर्षांनी!

"अरे, उघड ना!" काका आतून ओरडले.

"तुमच्या सहीशिवाय मला हात लावता येत नाही, काका. पंखा चालू आहे, हवा भरपूर आहे."

दाराच्या फटीतून कामाचा कागद आणि पेन आत गेलं. काकांचा चष्मा एव्हाना कुणाच्या तरी बुटाखाली शहीद झाला होता. पहिली सही कारागिराच्या रकान्यात पडली, दुसरी तारखेवर. तिसरी त्यांनी कारकुनाच्या पाठीवर कागद ठेवून केली, ती आरपार गेली. कारकून कळवळला.

"सही राहू दे, मी सांगते, उघडा!" अध्यक्षबाई कडाडल्या.

"बाई, समितीच्या सूचना मला लेखीच द्यायच्या, ही सवलत तुम्हीच मंजूर केलीय."

आतून पेनाची करकर ऐकू आली. मग कागद बाहेर आला: पालकाच्या सहीची अट आजपासून रद्द. खाली अध्यक्षबाई आणि दोन्ही सदस्यांच्या सह्या, आपापल्या जागी.

पानाचे कान तापले. "अडकलात म्हणून देऊ नका. या एका कामापुरतं लिहा, बाकीचं बाहेर येऊन ठरवा."

"घाबरून नाही दिलं," बाई म्हणाल्या. "आमच्यात पाटी वाचणारे तुम्ही एकटेच आहात."

पानाने कागद खिशात ठेवला, वर जाऊन मोटर हाताने फिरवली आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्याला आणली. सगळे घामाघूम बाहेर पडले. काका जिन्यापाशी अडखळले. त्यांनी सवयीने पानाच्या मनगटाकडे हात नेला. लहानपणापासून ते असंच पकडत, आणि दर वेळी त्याच्या अंगावर काटा येई. आज हात मध्येच थांबला.

"दिसत नाही रे मला. धरू का?"

चौतीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. पानाने नीट विचार केला.

"कोपराला धरा," तो म्हणाला. "मनगटाला नाही."